कापाचंच होतं तं लावलं कायले?



पोळा झाला, पाठोपाठ पांढुर्ण्याची गोटमारही झाली. पाऊस अजून रेंगाळतो आहे. गेल्या काही महिन्यांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं, "ताई, तुमच्या त्या जंगलाचं काय झालं?" जंगल म्हणजे सौंसरजवळच्या आमच्या वावरातला अर्धा एकर तुकडा. त्याबद्दल मी आजवर मुद्दाम लिहिलं नव्हतं. चार पावसाळे पाहिल्याशिवाय झाडांबद्दल बोलू नये, असं बाबा म्हणतात. यंदाचा चौथा. तेव्हा आज सांगते.

आधी थोडं मागचं. आपला हा सगळा पट्टा संत्र्याचा. पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली 2023 मध्ये छिंदवाड्यातून निघून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला, पण संत्र्याला जिल्हा आणि राज्य कळत नाही. पलीकडचं वरुड-मोर्शी, काटोल आणि अलीकडचे आपण, माती एक, कलम एक, दुखणंही एकच. आमच्या बाबांनी 1987 साली जंभेरीवर बांधलेली 140 कलमं लावली. त्या बगीच्यावर दोघा भावंडांची शिक्षणं झाली, माझं लग्न झालं, घराला स्लॅब पडला. दिवाळीआधी व्यापारी यायचा, बगीच्यात एक चक्कर मारून ठोक्यात भाव सांगायचा आणि बाबा बांधावर बसून तंबाखू मळत "पाहू" म्हणायचे.

बगीचा कसा ठेवायचा, याची त्या काळची एक रीत होती. झाडाखाली गवताची काडी दिसता कामा नये. वखर मारून जमीन आरशासारखी साफ. थंडीत पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, मग पाणी सोडलं की जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहाराची फुलं. पाणी पाटाने, एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात. कोणी नाव ठेवावं असं त्यात काही नव्हतं. चांगला कास्तकार असंच करायचा.

पण संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या फूट-दीड फुटातच असतात. वखराने ती दरवर्षी तुटत होती. जखमेतून बुरशी शिरायची आणि पाटाचं पाणी तिला एका झाडावरून दुसऱ्यावर नेऊन सोडायचं. बुंध्यातून डिंक गळायला लागला की आम्ही म्हणायचो, डिंक्या आला. वर विहिरीचं पाणी खाली गेलं, मग बोअर झाली, मग दुसरी बोअर. 2018 चा पाऊस कमी झाला आणि 2019 च्या उन्हाळ्यात या पट्ट्यातले कितीतरी बगीचे उभेच्या उभे वाळले. आमचाही वाळला. पाणी टँकरने आणून पाहिलं. मे महिन्यात यंत्राची करवत घेऊन माणसं आली आणि एका दिवसात सगळी झाडं आडवी झाली. बाबा त्या दिवशी वावरात आले नाहीत. त्यानंतर आमच्या घरात झाडाला कोणी कुऱ्हाड लावली नाही. धुऱ्यावरच्या बाभळीची फांदी बैलगाडीला लागायची, तीसुद्धा तशीच राहिली. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट यावरच आहे.

पुढे काय करायचं, हा प्रश्न होता. पऱ्हाटी लावायची, की पुन्हा संत्रा? भावाने बाकीच्या वावरात कपाशी आणि तूर घेतली. मी बाबांना म्हटलं, मला अर्धा एकर द्या. त्याच सुमारास भाच्याने मोबाईलवर एक छोटा माहितीपट दाखवला होता. अर्न्स्ट गॉच नावाचे एक गृहस्थ. जन्म स्वित्झर्लंडमधला, 1948 चा. 1984 मध्ये त्यांनी ब्राझीलच्या बाहिया राज्यात जंगलतोडीने आणि चराईने उजाड झालेली सुमारे 500 हेक्टर जमीन घेतली. आज तिथे घनदाट झाडी आहे, तिच्या पोटात कोको पिकतो आणि आटलेले झरे पुन्हा वाहतात. त्यांच्या पद्धतीला सिंट्रॉपिक शेती म्हणतात. नाव जड आहे, कल्पना सोपी आहे.

जंगलात झाडं एकेकटी नसतात. कोणी उंच, कोणी मधलं, कोणी बुटकं, कोणी जमिनीवर पसरलेलं. प्रत्येकाला आपापल्या वाट्याचं ऊन हवं असतं. मग शेतातही तसेच थर लावायचे. सगळ्यात वरच्या थराने जेमतेम पाचव्या हिश्शाएवढी सावली धरायची, खाली येताना दाटी वाढत जायची. दुसरी गोष्ट वयाची. चार महिन्यांचं पीक, दोन वर्षांची पपई, दहा वर्षांचा शेवगा आणि पन्नास वर्षांचा आंबा, सगळं एकाच दिवशी शेजारी शेजारी लावायचं. आधीचा नंतरच्याला मोठं करून बाजूला होतो. फळझाडांच्या मध्ये भराभर वाढणारी मदतीची झाडं दाट लावायची. आणि तिसरी गोष्ट, सगळ्यात महत्त्वाची: ती मदतीची झाडं सतत छाटायची आणि त्यांचा पाला-फांद्या तिथेच जमिनीवर अंथरायच्या.

थरांची कल्पना आपल्याला अगदी परकी नाही. आपल्या अमरावतीचे सुभाष पाळेकर पंचस्तरीय फळबागेबद्दल किती वर्षांपासून सांगत आहेत. आणि त्याही आधी आजीची परसबाग काय होती? वर शेवगा, खाली लिंबू, त्याखाली अळू आणि हळद, कुंपणावर दोडका.

तर जून 2022 मध्ये आम्ही लागवड केली. तुकडा 198 फूट लांब आणि 110 फूट रुंद. 110 फुटांच्या 12 ओळी, दोन ओळींत 16 फूट अंतर. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि संत्र्याला पाय ओले चालत नाहीत, म्हणून प्रत्येक ओळ गादीसारखी उंच केली. ओळीत दर 18 फुटांवर एक फळझाड, म्हणजे ओळीत 6 आणि एकूण 72. त्यांत संत्रा 30, पेरू 12, सीताफळ 12, लिंबू 6, आणि पश्चिमेच्या कडेच्या दोन ओळींत आंबा, जांभूळ, आवळा, चिकू मिळून 12. उंच झाडं पश्चिमेला, म्हणजे उन्हाळ्याच्या झळा आणि दुपारचं ऊन ती अडवतील. दोन फळझाडांच्या मध्ये दर तीन फुटांवर काहीतरी: गिरीपुष्प (आपली उंदीरमारी), हादगा, शेवगा, पपई, केळी, एरंड, तूर. ओळींच्या मधल्या पट्ट्यात पहिल्या वर्षी बोरू आणि चवळी, नंतर हळद, आणि एका कडेला कापून अंथरायला संकरित नेपियर गवत. सगळं मिळून अर्ध्या एकरात चारशेच्या वर झाडं. नुसत्या संत्र्याच्या बगीच्यात एवढ्या जागेत पन्नास-साठ बसली असती.

रस्त्याने जाणारे थांबायचे. "ताई, हे वावर हाय का जंगल?"

चुका सांगते, कारण त्याच उपयोगी पडतात. पहिली चूक, ब्राझीलची नक्कल. तिथे कोकोच्या पट्ट्यात वर्षभर कमीजास्त पाऊस असतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत बहुतेक सगळा पडतो आणि मग मे महिन्यात पारा 45 कडे जातो. मी संत्र्याच्या ओळीतही केळी लावली होती. केळीला बारमाही पाणी, संत्र्याला हिवाळ्यात ताण. एकाच नळीवर दोघं कसे जगतील? दुसऱ्या वर्षी संत्र्याच्या पाच ओळींतून केळी आणि पपई काढल्या आणि त्या ओळींच्या ठिबकला स्वतंत्र वाल बसवला. आता संत्र्याचे सोबती म्हणजे शेवगा, गिरीपुष्प, एरंड, तूर, कमी पाण्यावर तग धरणारे. केळी, पपई, हादगा पेरूच्या ओळींत गेले.

दुसरी चूक, रानडुकरांना विसरले. पहिल्या हिवाळ्यात दोन रात्रींत त्यांनी केळीचे गड्डे उकरले. कुंपण आधी, झाड नंतर, हे लिहून ठेवा.

तिसरी चूक माझी नव्हती, पण झाली घरात. दुसऱ्या पावसाळ्यात हादगा दीड-दोन पुरुष उंच गेला, गिरीपुष्पाचे खुंट फुटून झुडपं झाली, शेवगा आभाळाला लागला. आई खूश. हादग्याच्या फुलांची भजी आणि भाजी, शेवग्याच्या शेंगा, शेजारीपाजारी वाटप. आणि खाली संत्र्याची कलमं उन्हासाठी माना लांब करत पिवळी पडायला लागली. पुस्तकाप्रमाणे छाटणीची वेळ झाली होती. मी कोयता घेऊन निघाले, तर बाबा वाटेत उभे.

"कापाचंच होतं तं लावलं कायले वं?"

मी उजेड, पाला, मुळं असं काहीबाही सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गोटमारीचा पळस हाय का हा? रोवाचा आन् तोडाचा?"

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, गोटमारीला जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात, आणि पांढुर्णा व सावरगावचे लोक ते झाड मिळवण्यासाठी एकमेकांवर दगड फेकतात. दरवर्षी शेकड्यांनी जखमी होतात, जीवही गेले आहेत. बाबांना ते कधीच आवडलं नाही. त्यामुळे या वाक्यानंतर बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी कोयता ठेवून दिला. त्या वर्षी काहीच छाटलं नाही. 30 पैकी 7 कलमं गेली.

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू? पण 2019 चा तो दिवसही मला दिसत होता. ज्याने हाताने लावलेली 140 झाडं एका दिवसात आडवी झालेली सोसलं, त्याला "हे झाड कापण्यासाठीच लावलंय" हे कसं पटावं?

मग मी वाद सोडला आणि एक गोष्ट सांगितली. जपानचे मासानोबू फुकुओका, नैसर्गिक शेतीचे मोठे नाव. त्यांच्या वडिलांचाही संत्र्याचाच बगीचा होता, तिथल्या मिकान जातीचा. तरुणपणी फुकुओकांनी ठरवलं की निसर्गावर सोडायचं, आणि छाटणी बंद केली. फांद्या एकमेकींत अडकल्या, कीड पडली आणि झाडं मेली. पुढे ते स्वतःच सांगत, की ती नैसर्गिक शेती नव्हती, ते नुसतं वाऱ्यावर सोडणं होतं. माणसाने एकदा हात लावलेल्या झाडाला मध्येच सोडून देता येत नाही. बाबांनी विचारलं, "त्याच्या बापानं काय म्हटलं?" मला ते माहीत नव्हतं. ते हसले, पण विषय तिथेच थांबला.

बदल घडला तो मे 2024 मध्ये, आणि तो माझ्या बोलण्याने नाही. आधीच्या हिवाळ्यात मी आईला मध्ये घालून एवढंच मान्य करून घेतलं होतं की दोन ओळींतलं गिरीपुष्प छाटायचं, बाकी नाही. दिवाळीच्या सुमारास पाऊस पूर्ण थांबल्यावर छाटलं. पाला आणि बोटाएवढ्या फांद्या संत्र्याच्या ओळीत वीतभर जाड अंथरल्या, जाड फांद्या जमिनीला टेकतील अशा आडव्या ठेवल्या. गिरीपुष्प महिनाभरात पुन्हा फुटलं आणि उन्हाळ्यापर्यंत त्याने हवी तेवढी सावली धरली.

मे महिन्यात एका सकाळी बाबा ओळीत उकिडवे बसले होते. बाजूच्या वावरात काळ्या जमिनीला मूठ जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. त्यांनी पाला बाजूला केला. वरचा कोरडा, खालचा काळा आणि कुजत आलेला, त्याखाली माती. भेग नव्हती. त्यांनी चिमूटभर माती घेऊन बोटांत चोळली, तिची गोळी झाली. मग न छाटलेल्या ओळीत जाऊन तसंच केलं. तिथे सावली दाट होती, पण माती भुगा. पाणी दोन्हीकडे सारखंच दिलेलं. ते काही न बोलता घरी आले आणि चहा मागितला.

मृग लागला तशी पहिली सर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन. "बाई, कोयत्याले धार हाय का?"

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून छाटलं. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी आता त्यांच्याच शब्दांत देऊ शकते, कारण येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते स्वतःच समजावतात: "हे झाड फळासाठी नाई, जमिनीसाठी हाय. याचा पाला म्हंजे पीक." छाटलं की खालच्या झाडाला ऊन मिळतं. पाला जमीन झाकतो. वरचा भार कमी झाला की गिरीपुष्पाची काही बारीक मुळंही जमिनीत मरतात आणि कुजून जागा करतात. शिवाय ते शेंगवर्गीय, त्याच्या मुळांवर हवेतला नत्र धरणाऱ्या गाठी. आणि ते मरत नाही, पुन्हा फुटतं.

मीही त्या दिवशी दोन गोष्टी शिकले. मी पाला ओढून संत्र्याच्या बुंध्याला चिकटवत होते. बाबांनी माझा हात धरला. "खोडाले लागू देऊ नको. हातभर दूर ठेव. ओलं रायलं का डिंक्या येते." मग त्यांनी प्रत्येक कलमाभोवती पाला मागे सारून हातभर गोल मोकळा केला आणि खोडांना बोर्डो पेस्ट लावली. 140 झाडं गमावून मिळालेलं ते ज्ञान होतं. बाहियातल्या माहितीपटात ते नव्हतं. दुसरं, मी हादग्याचा शेंडा खोडापर्यंत उतरवत होते. बाबा म्हणाले, "हादगा असा कापला तं मरते. फांद्या घे, मुंडकं ठेव." मी एका हादग्यावर माझंच खरं केलं होतं, तो मेला. गिरीपुष्प आणि शेवगा कमरेपर्यंत उतरवला तरी उसळतो, हादगा नाही.

आता ज्यांना करून पाहायचं आहे, त्यांच्यासाठी आमचा अनुभव थोडक्यात.

आपल्या हवेत मोठी छाटणी वर्षातून दोनदा. एक मृगाच्या पहिल्या पावसावर, कारण पुढे ढगाळ दिवसांत खालच्या झाडांना उजेड कमी पडतो आणि छाटलेलं झाड पावसात लवकर सावरतं. दुसरी पाऊस संपल्यावर, हलक्या हाताने. फेब्रुवारी ते मे कोयता खुंटीला. त्या दिवसांत सावली हीच कमाई.

काळ्या जमिनीत उंच गादी केल्याशिवाय संत्रा लावू नका. कलमाचा जोड जमिनीपासून चांगला वीतभर वर हवा. पाणी ठिबकने द्या. पाटाने द्यायचंच असेल तर खोडाभोवती आतलं कोरडं आळं ठेवून बाहेरच्या गोलात द्या.

सुबाभूळ लावायची तर बी धरण्याआधी छाटा, नाहीतर पुढच्या वर्षी सगळीकडे तीच.

आणि पैशांचं खरं सांगते. एवढ्या चार वर्षांत शेवगा, पपई, हळद आणि भाजीपाल्याने मजुरी आणि ठिबकचा खर्च भरून निघाला, हातात फारसं उरलं नाही. काम नुसत्या बगीच्यापेक्षा जास्त आहे आणि कोयता चालवणारा घरचा माणूस लागतो. संत्र्याची फळं खऱ्या अर्थाने पाचव्या-सहाव्या वर्षापासून. तेव्हाही ठोक्याने बगीचा घेणारा व्यापारी 23 झाडांसाठी थांबेल असं नाही. आम्हाला क्रेट भरून स्वतःच विकावं लागेल. आणि पाल्याने एवढी ओल धरली की हिवाळ्यात संत्र्याला ताण बसेल का, हा प्रश्नही आहेच. यंदा डिसेंबरमध्ये दोन ओळींत पाला बाजूला ओढून आणि तीन ओळींत तसाच ठेवून पाहायचं ठरलंय. कल्पना बाबांची. म्हणून माझा सल्ला, सगळं वावर एकदम यात टाकू नका. एक ओळ करा, धुरा करा, घरामागची जागा करा. एक ओळ छाटायची हिंमत झाली की पुढचं पुढे.

गेलेल्या 7 कलमांच्या जागी बाबांनी यंदा नवीन लावली. वय 78. मी म्हटलं, मी लावते, तुम्ही बसा. ऐकलं नाही. प्रत्येक कलमाच्या दोन्ही बाजूंना त्यांनी गिरीपुष्पाचा एकेक खुंट रोवला आणि आईला म्हणाले, "हे पाय, याच्यावर जीव लावू नको. हे कापाचं हाय."

आई म्हणाली, "आन् हादग्याचं?"

"हादग्याच्या फांद्याच घेतो. तुह्या भज्याले ठेवतो."

डिसेंबरात ताणाचं काय झालं ते फेब्रुवारीच्या अंकात सांगेन, फुलं आली तरी आणि नाही आली तरी. तोवर तुमच्या घराजवळ एखादा गिरीपुष्पाचा खुंट मिळाला तर रोवून ठेवा. आणि कोयत्याला धार लावून ठेवा.